काका-काकूंचं झेफिरचं तिकीट

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. काका-काकूंना जूनमध्ये तू शिकागोहून ‘कॅलिफोर्निया झेफिर’ गाडीनं पार सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एमरीव्हिलपर्यंत नेणार, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. काकांची सगळी हयात रेल्वेत गेली, त्यांना याहून चांगलं काय दाखवणार तू!

आता तुझा प्रश्न: ही गाडी चालवणाऱ्या ॲमट्रॅक रेल्वे कंपनीचे, तिकिटं काढून साठलेले पॉइंट्स वापरायचे की पैसे भरायचे? आधी एकाच गाडीचं, एकाच तारखेचं तिकीट डॉलरमध्ये बघ, मग पॉइंट्समध्ये, आणि डॉलरला पॉइंट्सनी भाग. मला हल्ली एका पॉइंटचे साधारण अडीच सेंट पडतात. तेवढे येत असतील तर खुशाल वापर. फक्त एक लक्षात ठेव. पैसे भरलेस तर डॉलरमागे २ पॉइंट्स जमा होतात, पॉइंट्सवर काढलेल्या तिकिटावर काहीच नाही. म्हणजे हजार डॉलरच्या तिकिटामागे २,००० पॉइंट्स, जवळपास पन्नास डॉलर, हातचे जातात. ते वजा करूनच तुलना कर.

जपून ठेवू मात्र नकोस. हे मी अनुभवानं सांगतोय. जानेवारी २०१६ पर्यंत देशाचे तीन पट्टे होते आणि पट्ट्यांवर पॉइंट्स ठरायचे, भाडं कितीही असो. झेफिरचा पूर्ण प्रवास दोन पट्ट्यांचा, दोघांची रूमेट, म्हणजे खाली-वर दोन बर्थची छोटी खोली, २०,००० पॉइंट्सना, जेवणखाण त्यातच. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं तसेच गेलो. समोरासमोरच्या दोन खुर्च्या ओढून अटेंडंटनं खालचा बिछाना केला, वरचा बर्थ छतातून खाली घेतला, आणि ही रात्रभर खिडकीला नाक लावून बसली होती. उरलेले पॉइंट्स मी ‘पुढच्या मोठ्या प्रवासाला’ म्हणून ठेवले. नंतर पाहिलं तर तशाच खोलीला जवळजवळ दुप्पट लागत होते. आता पॉइंट्स भाड्याच्या मागोमाग चालतात. गर्दीत तिकीट चढलं की पॉइंट्सही चढतात. म्हणून जूनचं तिकीट आजच बघ, पॉइंट्सनी काढ नाहीतर पैशांनी, पण उशीर करू नकोस.

आणखी एक. काका-काकूंना एकाच रूमेटमध्ये ठेवू नकोस रे. वरच्या बर्थवर चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. दोन रूमेट घे: एकीत खाली काका, वर तू, दुसरीत खाली काकू, वर वहिनी. एक पॉइंट्सवर, एक पैशांवर. पैशांवरची खोली काकूंची ठेव, त्यांना ६५ पूर्ण असतील तर ज्येष्ठांची १० टक्के सवलत मिळेल. ती तिकिटावर असते, खोलीच्या भाड्यावर नाही, पण तेवढेच पैसे वाचतील.

डेन्व्हर सोडल्यावर गाडी चढत चढत मॉफॅट बोगद्यात शिरते. १९२८ मध्ये सुरू झालेला, सहा मैलांहून लांब. आत असताना डब्यांमधली दारं उघडू नका, अशी घोषणा होते. काकांनी बोरघाटातले बोगदे किती वेळा पार केले असतील! त्यांना आधीच खिडकीशी बसव, घड्याळ हातात दे, आणि पलीकडे उजेड दिसेपर्यंत किती मिनिटं लागली ते मला त्यांच्याच तोंडून फोनवर ऐकायचंय.

वहिनींना नमस्कार. काका-काकूंना साष्टांग.

तुझा,
दिन्या