वारेत पित्याचाही वाटा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जनुकभेद (माणसामाणसांच्या जनुकांतील लहान फरक), रक्तातील मेद आणि गरोदरपणातील प्रीएक्लॅम्पसिया (रक्तदाब वाढून बहुधा लघवीतून प्रथिन जाऊ लागणारा आजार) यांचा संबंध सांगणारा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. विषय महत्त्वाचा आहे. परंतु तो वाचून आमच्या शेजारी पाच महिन्यांच्या गरोदर सुनेचे तूप बंद झाले आणि ‘तिच्या माहेरचंच रक्त तसं’ असेही कानावर आले, म्हणून हे पत्र.

मी अनेक वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम केले. दिवस भरत आलेल्या बाईचे रक्त सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढले की वरचा द्रव कधी कधी पातळ ताकासारखा पांढुरका दिसे. निरोगी गरोदरपणातही ट्रायग्लिसराइड हे रक्तातले मेद दुप्पट-तिप्पट होतात आणि प्रीएक्लॅम्पसियात त्याहून वाढलेले आढळतात. मात्र मेदामुळे आजार झाला की आजारामुळे मेद वाढले, हे नळीकडे पाहून कळत नाही. जनुकांचा उपयोग होतो तो इथे. मेदाचे प्रमाण कमीजास्त करणारे जनुकभेद आपण आईच्या पोटात येतो तेव्हाच, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, वाटून झालेले असतात आणि पुढचा आहार किंवा आजार ते बदलू शकत नाही. त्यामुळे जास्त मेदाची चिठ्ठी लाभलेल्या स्त्रियांत हा आजार अधिक आढळला, तर मेदाकडे कारण म्हणून पाहता येते. पण हा हिशेब हजारोंच्या समूहाचा असतो, एकट्या सुनेचे भाकीत त्यातून निघत नाही.

शिवाय वार (प्लॅसेंटा, गर्भाला पोसणारा अवयव) गर्भाच्याच पेशींपासून बनते, म्हणजे तिच्यातील निम्मी जनुके पित्याकडून आलेली. २०१७ साली ‘एफएलटी१’ जनुकाजवळचा जो भेद या आजाराशी जोडला गेला, तो बाळाच्या जनुकांत सापडला होता. वारेतून या जनुकाचे प्रथिन आईच्या रक्तात जास्त उतरले की तिच्या रक्तवाहिन्यांना इजा होते. नॉर्वेतील जन्मनोंदींवरून १९९८ मध्येच दिसले होते की, एका स्त्रीच्या हा आजार झालेल्या गरोदरपणाचा पिता असलेल्या पुरुषापासून दुसरीला दिवस गेले, तर तिचाही धोका वाढतो. शेजारच्या सासूबाईंना हे मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

मेद कमी करणाऱ्या प्रॅव्हास्टॅटिनची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. पस्तिसाव्या आठवड्यानंतर ते देऊनही आजार टळला नाही. उलट धोका जास्त असलेल्या गर्भवतींना ११ ते १४ आठवड्यांदरम्यान १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू केल्यावर, ३७ आठवड्यांपूर्वी प्रसूती करावी लागेल असा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आला. अर्थात ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

आपल्या लेखात रक्तदाब आणि लघवीच्या तपासणीचा उल्लेखच नव्हता. लघवीच्या नळीचा वरचा भाग दिव्यावर उकळून, ॲसेटिक आम्लाचे थेंब टाकूनही पांढरा गढूळपणा राहिला, म्हणजे लघवीत प्रथिन आहे असे दिसले, की आम्ही चिठ्ठी घेऊन धावत वॉर्डात जात असू. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० झाला, डोके ठणकू लागले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, एवढी चौकट पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा