सुपरहिरोंना जाब विचारणारी भूमिका

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मार्व्हल आणि डीसी या दोन कंपन्यांचे सुपरहिरो एकाच चित्रपटात आले, तर त्यात आपल्याकडच्या कोणत्या अभिनेत्रीला घ्यावे, या आपल्या रविवार पुरवणीतील प्रश्नावर वाचकांनी पाठवलेली उत्तरे मी गेले तीन आठवडे वाचते आहे. बहुतेकांनी डीसीची नायिका वंडर वुमन हिचा मुकुट कोणा ना कोणा हिंदी तारकेच्या डोक्यावर ठेवला आहे. नावे बदलतात, कारणे मात्र तीच, म्हणजे उंची, बांधा आणि तो पोशाख अंगाला शोभेल की नाही. या मोजमापावर माझा फारसा भरवसा नाही. गॅल गॅडोट यांची त्या भूमिकेसाठीची निवड २०१३ साली जाहीर झाली, तेव्हा त्या फार किडकिडीत आहेत अशी ओरड चाहत्यांनीच केली होती, आणि त्याच्या पंचवीस वर्षे आधी मायकेल कीटन बॅटमन होणार म्हटल्यावर स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला होता. पुढे दोघांनीही त्या भूमिका गाजवल्या, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझी सूचना मुक्ता बर्वे यांच्या नावाची आहे, आणि ती वंडर वुमनसाठी नाही.

असा चित्रपट निघालाच, तर त्याची गोष्ट काय असेल, याचा विचार आधी व्हायला हवा. कागदावर ही दोन घराणी १९७६ सालीच एकत्र आली. त्या वर्षी दोन्ही कंपन्यांनी मिळून सुपरमॅन आणि स्पायडरमॅन यांचे एक कॉमिक काढले होते. पडद्यावर मात्र तो योग आलेला नाही, कारण मार्व्हल डिस्नेच्या घरात आहे आणि डीसी वॉर्नरच्या. तरीही २०१६ साली, अवघ्या दीड महिन्याच्या अंतराने, दोघांनी जवळपास एकाच प्रश्नावर चित्रपट काढले होते. ‘बॅटमन व्हर्सेस सुपरमॅन’ आणि ‘कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर’ या दोन्हींच्या मुळाशी हाच प्रश्न आहे, की जग वाचवताना या मंडळींनी जी शहरे जमीनदोस्त केली आणि जी माणसे मेली, त्यांचा हिशेब कोणी द्यायचा. दोन्हींत तो हिशेब मागायला एकेक बाई उभी राहते. पहिल्यात हॉली हंटर यांनी केलेली सिनेटर सुपरमॅनला सुनावणीसाठी बोलावते आणि सुनावणी नीट सुरू होण्याआधीच स्फोटात मारली जाते. दुसऱ्यात आल्फ्रे वुडार्ड यांनी केलेली आई लिफ्टपाशी टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, गाठते आणि आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो त्याच्या छातीवर दाबून निघून जाते. या प्रसंगाची लांबी दोन-तीन मिनिटांची असेल, पण त्या चित्रपटातील विमानतळावरच्या भल्यामोठ्या हाणामारीपेक्षा मला तोच अधिक लक्षात राहिला आहे. दोन्ही चित्रपटांनी या बायकांना लवकर घरी पाठवले, ही माझी जुनी तक्रार आहे.

दोन विश्वांना जोडणारा दुवा मला तिथेच दिसतो. दोन्हीकडचे नायक मुंबईवर येऊन आदळले आहेत, सी-लिंकचा एक भाग समुद्रात गेला आहे, वरळी कोळीवाड्यातील घरांची छपरे उडाली आहेत, आणि या प्रकाराच्या चौकशीसाठी नेमलेली एक अधिकारी बाई आयर्न मॅनला आणि सुपरमॅनला एकाच बाकावर बसवून, एकेकाची जबानी घेते आहे, अशी कल्पना करून पाहावी. तिला उडता येत नाही, तिच्या हातात ढाल नाही, फाईल आहे. ही भूमिका मुक्ता बर्वे यांनी करावी.

‘कोडमंत्र’ ज्यांनी पाहिले आहे त्यांना यामागचे कारण वेगळे सांगायला नको. लष्करी न्यायालयात एका सैनिकाच्या मृत्यूचा जाब विचारणारी वकील त्यांनी त्या नाटकात उभी केली होती. समोर गणवेशातील, आपण जे केले ते देशासाठीच केले याची पक्की खात्री असलेला कर्नल, आणि त्याच्यापुढे कागद घेऊन उभी असलेली, आवाज न चढवता प्रश्नामागून प्रश्न टाकणारी ही बाई. कर्नलच्या जागी निळ्या पोशाखातला आणि लाल केपातला माणूस ठेवला, तर प्रसंगात फारसा फरक पडणार नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सुपरहिरोंच्या चित्रपटांत नटांना पुष्कळदा हिरव्या पडद्यापुढे, समोर कोणीही नसताना बोलावे लागते. राक्षस, यान, कोसळणारी इमारत हे सारे नंतर संगणकावर येते. नावाजलेले नटही तिथे ओशाळवाणे दिसतात, कारण आपण कशाकडे पाहतो आहोत हेच त्यांच्या डोळ्यांत नसते. ‘चारचौघी’ या नाटकाचा नव्या संचातला प्रयोग मी पार्ल्याला दीनानाथ नाट्यगृहात पाहिला. वंदना गुप्ते यांनी १९९१ साली गाजवलेला टेलिफोनचा प्रवेश त्यात मुक्ता बर्वे करतात. पलीकडून नवरा बोलतो आहे, पण त्याचा एक शब्दही प्रेक्षकांना ऐकू येत नाही. रिसीव्हर कानाला लावून ऐकताना त्यांची नुसती मान जरा ताठ झाली, तरी तो माणूस काय म्हणाला असेल ते शेवटच्या रांगेपर्यंत कळत होते. माझ्या शेजारच्या आजींनी खोकला येऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडाशी धरून ठेवला होता. नसलेला माणूस रंगमंचावर उभा करण्याची ही कसोटी जिने प्रयोगामागून प्रयोग पार पाडली आहे, तिच्यापुढे हिरवा पडदा ठेवायला हरकत नसावी.

माझ्या भाचीचा आक्षेप असा, की हॉलिवूडमध्ये हे नाव ओळखणार कोण. आक्षेप रास्त आहे. पण मार्व्हलच्या निक फ्युरी या पात्राला २००२ च्या कॉमिकमध्ये चित्रकाराने हॉलिवूडचे नट सॅम्युअल जॅक्सन यांचा चेहरा दिला होता, आणि ते स्वतः त्या भूमिकेत पडद्यावर आले ते २००८ साली. कागदावरची निवड कधीकधी अशीही खरी होते. (कीटन यांच्याविरुद्धच्या पत्रांपेक्षा माझे पत्र निदान सकारात्मक आहे.)

दोन अटी मात्र घालाव्याशा वाटतात. या अधिकारी बाईंना मध्यंतराच्या आत मारू नये, आणि शेवटी त्यांना कोणतीही दैवी शक्ती प्राप्त होऊ नये. चौकशी मुंबईत असल्याने ती मराठीत चालावी, हे मी अट म्हणून नाही, तर गृहीत धरून लिहिते आहे. दुभाष्याचा खर्च दोन्ही कंपन्यांनी निम्मा-निम्मा करावा.

आपली विश्वासू,
एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई