बाळू मला ‘मॅडम’ म्हणाला

रामबाग, इंदूर
3 डिसेंबर

प्रिय मंदे,

गणपतीपासून तुझ्या एकाही फोनला धड उत्तर दिलं नाही. शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. माझी शुगर जैसे थे, ह्यांचा गुडघा जैसे थे. प्रकृती संपली.

फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहिते. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतेस.

काकूंची केमो थांबवली, हे तुला कळलंच असेल. रोज संध्याकाळी मी वाटीभर मऊ भात घेऊन खाली जाते. चार घास खातात, मीठ कमी म्हणून मला बोलतात, उरलेला मांजरीला. निघताना मी दारात उभी राहून मनातल्या मनात प्रार्थना करायची. त्यांनी ते हेरलं होतं. एक दिवस म्हणाल्या, “ते काय पुटपुटतेस ग जाताना?” मी म्हटलं, “तुमच्यासाठी प्रार्थना करते.” तर म्हणे, “माझ्यासाठी आहे आणि मलाच ऐकू येऊ नये? मोठ्याने कर.”

मंदे, मला घाम फुटला. आजोबा नगरहून इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून आले, तेव्हापासून आम्ही ह्या वाड्यात. नाताळचा केक सगळ्या बिऱ्हाडांत, संक्रांतीचा तिळगूळ सगळ्यांकडून. पण प्रभूचं नाव आमच्या घरातून जिन्याखाली कधी उतरलं नाही. रविवारशाळेत पोरांना ‘साक्ष द्या, घाबरू नका’ म्हणून शिकवणारी मी, आणि काकूंच्या खाटेशी माझा आवाज फुटेना. कसाबसा फुटला. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे बायबलातलं तेविसावं स्तोत्रही म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, “मरताना तो मेंढपाळ बरोबर असतो म्हणतेस, ते खरं, का आपली समजूत?” आता ह्याला काय ‘बघू, डॉक्टरांना विचारू’ म्हणायचं? मी सांगितलं. येशू स्वतः मेला, ती वाट त्याच्या पायाखालची आहे, म्हणून माझा विश्वास आहे, असं सगळं. मग रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन म्हटलं. काकू डोळे मिटून म्हणाल्या, “हे तर आपल्या तुकोबांच्या वळणाचं आहे ग.” आहेच.

स्वयंपाकाच्या बाईंनी हे पुण्याला पोचवलं आणि शनिवारी बाळू हजर. आपला बाळू, ज्याला तू गल्लीत सायकल शिकवलीस आणि ज्याच्या फुटलेल्या ढोपराबद्दल मार मी खाल्ला. जिन्यात मला अडवून म्हणाला, “मॅडम, आमच्या आईला बाटवायचं बंद करा, नाहीतर मला ठाण्यात जावं लागेल.” ठाण्याचं एक वेळ सोड. मॅडम! ताईची मॅडम झाले मी.

तू हसशील, पण त्या रात्री मी कायदा वाचला. 1968चा जुना होताच, 2021 साली इथे नवा आला, जास्त कडक. जबरदस्तीने, फसवून किंवा प्रलोभन दाखवून धर्मांतर केलं तर एक ते पाच वर्षं. समोर बाई असली, दलित-आदिवासी असले, तर दोन ते दहा. आणि तसं काही केलं नाही हे सिद्ध करायचं आरोपीनेच. प्रलोभनात भेटवस्तूही येते. मऊ भात भेटवस्तूत धरतात का? तूप घातलं तर बहुतेक धरत असतील. सर्वोच्च न्यायालयात 1977 साली मध्य प्रदेशचाच खटला गाजला होता. न्यायालय म्हणालं, घटनेच्या 25व्या कलमाने आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगायची मोकळीक आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क मात्र त्यात येत नाही. आमच्यातले पुष्कळजण ह्या निकालावर चिडतात. मला तो पटतो. काकूंना मी कोण काय करणार?

हे म्हणाले, “भात बाईंच्या हाती पाठव आणि गप्प बस.” पाळकसाहेब म्हणाले, “यंदा कॅरल गात गल्लीत फिरायचं नाही, आवारातच गाऊ. तुम्हीही जरा जपून.” त्यांच्यावर सगळ्या मंडळीची जबाबदारी, मी त्यांना नावं ठेवत नाही. महिला संघात तर एकदम राणी मारियाचं नाव निघालं. त्या केरळच्या नन, 1995 साली उदयनगरहून इंदूरला येताना ज्यांना बसमध्ये भोसकलं. 2017 साली त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं तो समारंभ इथेच झाला आणि त्यांचा मारेकरीही त्याला आला होता. त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली होती. पण त्या बाई सावकारांच्या तावडीतून आदिवासींना सोडवत होत्या म्हणून मारल्या गेल्या. माझ्या जिन्यातल्या बोलाचालीला त्यांचं नाव लावायचं म्हणजे अतीच. मी उठून चहा करायला गेले.

रात्री झोप येईना तेव्हा आठवलं ते आपलं ख्रिश्चन कॉलेजच्या कँटीनमधलं भांडण. (किशोरकुमारची उधारी राहिली म्हणतात तेच कँटीन. आपलीही असेल.) तू टेबलावर हात आपटून म्हणालीस, “टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले, लक्ष्मीबाईंना विचारलं होतं का?” मी म्हटलं, “1900 साली त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घेतला.” तू म्हणालीस, “हो, पाच वर्षं रडल्यावर.” आणि वर पुन्हा, “इतकी शेजारीण मी, मला एकदाही चर्चला ये म्हणाली नाहीस, मी काय परकी?” दोन्हीकडून वाजवलंस! महिनाभर अबोला.

म्हणून तुलाच विचारते. ठाण्याची भीती वाटते, पण तेवढी नाही. वाड्यातल्या बायका उद्या माझ्या हातचं खाताना थबकतील, मी बोलायला लागले की ‘आता ही सुरू होणार’ म्हणून एकमेकींकडे बघतील, त्याची जास्त वाटते. वरच्या वहिनींनी सत्यनारायणाला बोलावलं नाही, विसरल्या असतील. पण काकूंनी विचारलं होतं ग. मरणाच्या दारातलं माणूस विचारतं आणि मी जवळ असलेलं झाकून ठेवायचं, ही कसली शेजारधर्माची रीत?

शेवटी काल मीच बाळूला फोन केला. म्हटलं, “तुझ्या आईशी मी जे बोलते ते तुझ्यासमोर बोलेन. रविवारी ये, शेजारी बस, नको वाटलं तर तिथल्या तिथे थांबव. त्या नको म्हणाल्या तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही.” बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “बघतो.” मॅडम म्हणाला नाही, ताईही म्हणाला नाही.

तुझ्या जावयाची बदली झाली का? धाकटीचा निकाल काय लागला? नव्या घरात पाण्याचं तेच रडगाणं असेल. जानेवारीत ये, सराफ्यात गराडू खाऊ. तुझं कोलेस्टेरॉल मी बघून घेईन. लिंबाचं गोड लोणचं आण.

रविवारी बाळू आला तर कळवते. नाही आला तरी मी खाली जाणारच आहे. काकूंनी ते भजन पुन्हा म्हणायला सांगितलंय आणि मधलं कडवं मला धड येत नाही, ते आधी पाठ करायला हवं.

तुझी,
शुभी