निवड जिथे पेरायचे तिथेच व्हावी

महोदय,

भरपूर पाणी-खतावर निवडलेले वाण हलक्या, कोरडवाहू जमिनीत बरेचदा मागे पडते. म्हणून बियाण्याची निवड जिथे पेरायचे तिथेच व्हायला हवी. चांगली झाडे उभ्या पिकातच खूण करून ठेवावीत. बांधालगतची मात्र सोडावीत. तिथे ऊन आणि जागा जास्त मिळाल्याने साधे झाडही जोमदार दिसते. गहू, हरभरा स्वपरागी, म्हणजे फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळते, त्यामुळे काम सोपे. मका परपरागी, म्हणजे त्यावर दुसऱ्या झाडांचे पराग येतात: दुसऱ्या वाणाच्या मक्यापासून किमान 200 मीटर अंतर हवे आणि बियाणे निदान 100 कणसांतून घ्यावे. चार-पाच देखण्या कणसांवर भागवले, की पुढच्या पिढ्यांत झाडे खुजी होतात, उतारा घटतो. ही चूक सर्रास होते आणि दोष वाणाला दिला जातो!

– एक बीजोत्पादक