बाप्पाला पाच, आईला सत्तावीस

कोलंबस, ओहायो
रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मायना जमलाय ना बाबा? दर रविवारी जेवणाच्या टेबलाशी बसवून पुण्याच्या आजीला पत्र लिहायला लावायचात, ते वळण अजून हातात आहे. आज त्याचाच उपयोग करतेय, कारण फोनवर हा विषय काढला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, आणि आई म्हणते, "अगं काही होत नाही, तू जेवलीस का?" पत्र कुणाला मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. म्हणजे येतं, पण तेच मला हवंय. दोघांनी वाचा.

विषय तुम्ही ओळखलाच असेल. तुमची गोल्फ कार्ट.

आधीच सांगते, म्हणजे पुढचं रागाने वाचणार नाही: मी कार्टच्या विरुद्ध नाही. तुम्ही फ्लोरिडात, द व्हिलेजेस नावाच्या निवृत्तांच्या वसाहतीत जायचं ठरवलंत तेव्हा मी नाकं मुरडली होती. नाव 'खेडी' आणि शेणाने सारवलेलं एक अंगण नाही, म्हणून हसलेही होते. पण ओहायोत नोव्हेंबर ते मार्च आई घराबाहेर पडायची ती तुमच्या सोयीने. फ्रीवेची धास्ती घेतल्यापासून तिने गाडीची किल्ली हातात धरली नव्हती. तीच बाई सत्तराव्या वर्षी कार्ट शिकली. एकटी पोहायला जाते, येताना पब्लिक्स सुपरमार्केटमधून कोथिंबीर आणते, संध्याकाळी मैत्रिणींना घेऊन स्पॅनिश स्प्रिंग्जच्या चौकात गाणी ऐकायला जाते. शंभराहून जास्त मैलांचे कार्टचे रस्ते, ४४१ नंबरच्या हायवेवरून कार्टसाठी बांधलेला पूल, २००५ साली ३,३२१ कार्टांची मिरवणूक काढून केलेला गिनीज विक्रम (बाबा, हा आकडा मला आता पाढ्यासारखा पाठ झालाय, प्रत्येक पाहुण्याला सांगता) हे सगळं मला मान्य. आणि पुढेमागे कुणाचं मोटारीचं लायसन्स गेलं तरी फोटोचं सरकारी ओळखपत्र दाखवून कार्ट चालवता येते, म्हणजे म्हातारपणी दुसऱ्याच्या गाडीची वाट बघत बसावं लागत नाही, हेही मला कळतं. ते सुख तुमच्याकडून काढून घ्यायला मी हे लिहीत नाहीये.

मी लिहितेय डिसेंबरातल्या त्या लाडवांमुळे.

लेक समटर लँडिंगच्या चौकातून आपण निघालो होतो. तुमच्या मित्रांकडे जायचं म्हणून आईच्या मांडीवर बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, तुम्ही स्टिअरिंगवर, आणि मी मागच्या उलट्या सीटवर, पाठीमागचा रस्ता बघत. डावीकडचं वळण आलं. मला आधी काय दिसलं सांगू? लाडू. रस्त्यावरून घरंगळत माझ्यापासून लांब चाललेले लाडू. मग झाकणाचा आवाज. मी मान वळवली तेव्हा आईचा उजवा पाय कार्टच्या बाहेर लोंबत होता आणि एका हाताने तिने छपराचा दांडा पकडला होता. डबा सोडला म्हणून तो हात मोकळा झाला. डबा घट्ट धरून ठेवला असता तर लाडू वाचले असते, आणि आई रस्त्यावर असती.

तुम्ही पुढे जाऊन थांबलात. सँडहिल क्रेन पक्ष्यांचं एक जोडपं शांतपणे येऊन लाडू टिपायला लागलं, आपण तिघंही हसलो, आणि विषय तिथेच संपला. (त्या पक्ष्यांना खायला घालणं फ्लोरिडात बेकायदा आहे, ते निराळंच.) आई म्हणाली, "मीच नीट बसले नव्हते." मला रात्री झोप लागली नाही. कारण वळणाच्या आधी मी सहज फोनवर वेग बघितला होता. ताशी २७ मैल.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तुम्ही कबूल केलंत. ओळखीच्या एका माणसाकडून गव्हर्नरची, म्हणजे वेगाला लगाम घालणाऱ्या भागाची, स्प्रिंग "जरा ताणून" घेतलीत. बाबा, तुम्ही! पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात परीक्षेच्या पेपरात गव्हर्नरची आकृती काढलेला, एकतीस वर्षं डिझेल इंजिनांत घालवलेला माणूस. गव्हर्नर नसलेलं इंजिन सुटलं की काय होतं, ही गोष्ट मला परीकथेऐवजी सांगितलीत तुम्ही.

तुमचंच गणित तुम्हाला परत करते. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. ते वळण साधारण वीस मीटर त्रिज्येचं धरू. ताशी २० मैलांनी गेलात तर ५५ किलोच्या आईला सीटवर धरून ठेवायला आतल्या बाजूला सुमारे २२ किलोचा जोर लागतो. २७ ने गेलात तर ४१ किलोचा. वेग एक तृतीयांशाने वाढला, जोर जवळजवळ दुप्पट झाला. तो जोर आणायचा कुठून? सीट गुळगुळीत रेक्झिनची, दार नाही, पट्टा नाही, बाजूला हाताच्या पंज्याएवढा एक कठडा. तुमचं ठीक आहे, तुमच्या दोन्ही हातांत स्टिअरिंग आहे. तुम्ही वळणात स्वतःलाच धरून असता, म्हणून तुम्हाला वळण कधी जोराचं वाटतच नाही. आणि डावीकडे वळताना बाहेरच्या बाजूला बसलेली असते ती आई.

पुण्यात काकांच्या व्हेस्पावर मागे आडवी बसायची तेव्हासुद्धा तिची परिस्थिती बरी होती. एका हातात डबा असला तरी दुसरा हात तुमच्या खांद्यावर असायचा.

तुमचा पहिला बचाव मला पाठ आहे: "सगळेच पळवतात. वीसने गेलं तर मागचा हॉर्न मारतो." मारतो. मी ऐकलाय. उजवीकडे घ्या, जाऊ दे त्याला. त्याच रस्त्यावर सकाळी लोक कुत्री फिरवतात, सायकली चालवतात, आणि त्यातल्या निम्म्यांना मागून आलेली कार्ट ऐकू येत नाही, तुम्हाला तरी कुठे येतं. मोटारींच्या रस्त्यावर बाजूच्या कार्ट लेनमधून जाताना शेजारून धडधडत जाणाऱ्या गाड्यांची भीती वाटते हेही खरं, पण सत्तावीसने तुम्ही त्यांच्या बरोबरीला येत नाहीच. फक्त आपटलात तर जोरात आपटता.

बरं, ब्रेक. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. स्प्रिंग ताणणाऱ्याने ब्रेक ताणले का? नाही. रस्त्याखालून जाणारा तो बोगदा आठवा. उतार, वर दुपारची पावसाची सर येऊन गेलेली, खाली सावलीत ओल तशीच. उतारावर वजन पुढच्या चाकांवर येतं, मागची हलकी होतात, आणि ब्रेक नेमका त्या हलक्या झालेल्या चाकांना. शेपूट आडवी व्हायला काय वेळ? शिवाय भर उन्हातून आत शिरताना तुमचा काळा चष्मा तसाच असतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण अंधाराला सरावायला डोळ्यांना या वयात जास्त वेळ लागतोच. सत्तावीसच्या वेगाने एका सेकंदात बारा मीटर जाता तुम्ही. समोर कुणी चालत असेल तर ते दिसायच्या आधी तुम्ही तिथे पोचलेले असाल.

कायद्याचं थोडक्यात, कारण कायदा म्हटलं की तुमच्यातला पुणेकर जागा होतो. तिकडे हेल्मेटसक्तीची बातमी आली की इथे बसून विरोधकांना आशीर्वाद देणारे तुम्ही! पण हे वाचाच. फ्लोरिडात गोल्फ कार्टची व्याख्याच 'ताशी २० मैलांच्या वर जाऊ न शकणारी' अशी आहे. वीसच्या वर पण पंचवीसपर्यंत जाणारी ती लो स्पीड व्हेइकल. तिला नोंदणी, नंबरप्लेट, विमा, दिवे, सीटबेल्ट सगळं लागतं. आणि तुमची सत्तावीसवाली? ती दोन्हींत बसत नाही. त्रिशंकू आहे ती, रेक्झिनच्या सीटसकट. उद्या कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी पहिला प्रश्न गव्हर्नरचा विचारेल, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे.

आता आईचं. हे मी मुलगी म्हणून लिहितेय त्याहून जास्त फिजिओथेरपिस्ट म्हणून. आई, तुझ्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तू रक्त पातळ करणारी गोळी घेतेस. ती गोळी चांगली आहे, बंद करायची नाही. पण त्यामुळे डोक्याला लागलेला साधा मारसुद्धा तुझ्यासाठी साधा नसतो. वरून टेंगूळही दिसत नाही आणि आत रक्त साचत राहतं, कधी तासांनी कळतं, कधी दिवसांनी. आणि खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते मी रोज कामावर बघते. ऑपरेशन होतं, हाड जुळतं, पण पोहायला एकटी जाणारी बाई परत एकटी पोहायला जाईलच असं मला कुणाच्या बाबतीत सांगता येत नाही. माझ्या वॉर्डात अशा बायका येतात आणि बहुतेक वेळा त्या गाडी चालवत नव्हत्या. त्या शेजारी बसलेल्या होत्या.

म्हणून आई, तुझ्यावर माझा बाबांपेक्षा जास्त राग आहे. पन्नास वर्षं त्यांच्या शेजारी बसून तू एकदाही "हळू" म्हणाली नाहीस. पोळी करपली तर बोलतेस, टॉवेल पलंगावर टाकला तर बोलतेस, आणि कार्टमधून अर्धी बाहेर आलीस तर "मीच नीट बसले नव्हते"?

पट्ट्यांबद्दल बाबा म्हणणार, कार्ट उलटली तर पट्ट्यात अडकून छपराखाली चिरडू. अगदीच चुकीचं नाही ते. ते छप्पर चार नळ्यांवर ठेवलेलं प्लॅस्टिक आहे, मोटारीच्या टपासारखं ते वाचवणार नाही. पण उलटायला वेग लागतो, आणि वेग आपण कमी करतोच आहोत. बाहेर फेकलं जायला मात्र एक वळण पुरतं. मी दोन्ही बाजूंसाठी गुंडाळले जाणारे पट्टे मागवलेत, या आठवड्यात येतील. बोल्ट कुठे घ्यायचे ते तुम्ही ठरवा, त्यात मी नाक खुपसणार नाही. आणि तोच पाना हातात असताना स्प्रिंगही सैल करा. ज्याने ताणली त्याच्याकडे परत जायची गरज नाही, तुम्हाला दहा मिनिटांचं काम आहे.

नातवाचंही सांगून ठेवते. तो आता चौदाचा झालाय आणि "आबा मला चालवायला देणार आहेत" असं शाळेत सांगत सुटलाय. पूर्वी चौदाव्या वर्षी चालायचं. १ ऑक्टोबर २०२३ पासून अठराच्या आतल्यांना रस्त्यावर कार्ट चालवायला लायसन्स किंवा लर्नर्स परमिट लागतं. तेव्हा आबांनी आपण होऊनच त्याला नाही म्हणावं. माझं ऐकत नाही तो.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. सप्टेंबरात गणपती आणायला तुम्ही हीच कार्ट नेली होती. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. मूर्ती आईच्या मांडीवर, तिच्या भोवती दोन उशा, मागच्या सीटवर शेजारचे काका टाळ घेऊन, आणि तुम्ही ताशी पाच मैलांनी, प्रत्येक वळणाला हात दाखवत, मागे रांग लागली तरी बेफिकीर. एका गोऱ्या आजोबांनी हॉर्न मारला तर तुम्ही त्यांना नमस्कार केलात. म्हणजे येतं तुम्हाला.

आम्ही मार्चमध्ये मुलाच्या सुट्टीत येतोय. ऑरलँडोला रात्री नऊला उतरू, न्यायला येऊ नका, टॅक्सी करू. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात जाऊ या. कार्ट आई चालवेल. उजवीकडे तुम्ही बसायचं, पट्टा लावून, मांडीवर डबा घेऊन.

बाकी सर्व क्षेम. तुमची पत्रोत्तराची सवय मोडली नसेल अशी आशा.

तुमची लाडकी,
पिंकी

ता. क. आई, लाडू कर. डब्याला रबर लाव.