सायकलप्रवासातील विजेची सोय

महोदय,

नागपूरहून रामटेक किंवा सेवाग्रामला सायकलने जाऊन येणाऱ्याचे एका भरलेल्या पॉवर बँकेवर भागते; परंतु पेंचमार्गे सिवनी ओलांडून चार-पाच दिवस पुढे जायचे असेल, तर दिवा आणि मोबाईल यांच्यासाठी वीज कोठून आणायची, हा प्रश्न दुसऱ्याच रात्री उभा राहतो. वडिलांच्या सायकलीला टायरवर घासणारा डायनॅमो होता. तो लावला की पायडल जड होई. पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात, बसणारा आजचा डायनॅमो साधारणपणे ६ व्होल्ट, ३ वॉटचा असून त्याचा भार पायांना जेमतेम जाणवतो. मात्र त्याचा प्रवाह प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारा, असल्यामुळे तो एकदिश करून ५ व्होल्टवर आणणारे उपकरण मध्ये लागते, आणि चढावर वेग मंदावला की मोबाईलचे चार्जिंग वारंवार तुटते. म्हणून दिवसा पॉवर बँक भरावी व मुक्कामी तिच्यावर मोबाईल लावावा, हे मला अनुभवाने पटले. सौर पट्टीवर मी विसंबत नाही, कारण विदर्भात ऊन मुबलक असले, तरी मे महिन्यात त्याच उन्हात तापलेली बॅटरी लवकर खराब होते. शहरातील दुकानदारांनी असे हब निदान मागणीनुसार मागवून द्यावेत, ही विनंती.

– एक सायकलस्वार, नागपूर