समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या दादांना

सप्रेम नमस्कार दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. "नाव नको ताई, मालक म्हणेल बागेचं काम सोडून हा किनाऱ्यावर काय करत होता," असं तुम्हीच सांगितलं होतंत. म्हणून रिसॉर्टचंही नाव टाळते. पण मनोरीत माडांना पाणी घालणारे, बिघडलेला पंप सुरू करणारे, पाहुण्यांच्या बॅगा उचलणारे आणि उरलेल्या वेळात भावाच्या होडीवर जाणारे असे तुम्हीच असणार. हे पत्र फिरत फिरत तुमच्यापर्यंत नक्की पोचेल.

निघताना मी "थँक्यू हां दादा" एवढंच म्हणाले. त्यापुढे बोलले असते तर धक्क्यावर सगळ्यांसमोर रडले असते. अजूनही त्या सकाळबद्दल कुणाला सांगायला लागले की आवाज बसतो. लिहिताना तसं होत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या मैत्रिणीला तुम्ही पाहिलंत, तिची हकिकत मात्र विचारली नाहीत. तिला तेही फार बरं वाटलं. आज तिला विचारूनच सांगते. आम्ही दोघी दादरच्या, एका शाळेत, एका बाकावर बसणाऱ्या. ती दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. साठच्या दशकातली गोष्ट, तेव्हा डोस घरोघरी पोचत नव्हते. हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची मोठी संस्था आहे, 1955 पासूनची. तिथे तिच्या पायाचे कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या आणि बूट, बनायचे. अंग वाढलं की जुने अपुरे पडायचे, पुन्हा माप. माप देऊन झालं की आईबरोबर बाहेर बसून ती दर्ग्याची वाट भरतीच्या पाण्याखाली जाताना बघायची.

म्हणजे समुद्र तिला लांब कधीच नव्हता. पण दादर, गिरगाव, जुहू, कुठेही गेलं तरी तो कठड्याच्या पलीकडे. कॅलिपरचा बूट वाळूत रुततो. कुबडीचं टोक तर पहिल्याच पावलाला आत जातं. विसर्जनाला आम्ही सगळ्याजणी पाण्यात शिरायचो आणि ती वर कट्ट्यावर बसून आमच्या चपला सांभाळायची. पुढे ती बँकेत लागली, स्वतःच्या हिमतीवर वर चढली, मानाने निवृत्त झाली. पन्नाशीनंतर मात्र चांगला होता तो पायही दगा द्यायला लागला. पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी काही जणांना असं होतं, डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. कॅलिपर सुटले आणि चाकाची खुर्ची आली.

आपल्या देशात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपण पोलिओमुक्त ठरलो. दारोदार फिरून थेंब पाजणाऱ्या बायकांचे त्यासाठी किती उपकार मानावेत! पण रोग गेला म्हणून तो होऊन गेलेली माणसं नाहीशी झालेली नाहीत. ती इथेच आहेत, पन्नाशी-साठीत आहेत, त्यांना तिकीट काढून फिरायला जायचं असतं. हे आपण विसरून जातो आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

तो राग नेमका कुठला, तेही सांगते. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही समुद्रकाठच्या दुसऱ्या एका रिसॉर्टवर गेलो होतो. ते तुमच्यापेक्षा पुष्कळ मोठं आणि महागडं. फोनवर मी खोदून खोदून विचारलं होतं. "हो मॅडम, सगळं व्हीलचेअर फ्रेंडली आहे." गेलो तर दारातच पायऱ्या. बाजूला उतार होता, पण तो सामानाच्या ट्रॉलीसाठी केलेला. खुर्चीसाठी एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार लागतो. तिथे तो तीन फुटांतच उरकलेला. तळमजल्याची ठरलेली खोली लग्नाच्या वऱ्हाडाला देऊन टाकलेली. वरच्या खोलीतल्या बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा अरुंद. मदतीला आलेल्या पोराने तिला न विचारता खुर्ची हातांच्या ठिकाणी धरून उचलली. ते हात काढता-घालता येतात. एक निघून आला आणि ती पडता पडता वाचली.

हेही मी विसरले असते. पण तिथला मॅनेजर तिच्या समोर उभा राहून मला विचारत होता, "यांना चहा चालतो का?" आणि समुद्रावर जायचं म्हटल्यावर तो म्हणाला, "कशाला त्रास? गॅलरीतून व्ह्यू मस्त आहे, यांना इथूनच दाखवा." बँकेच्या शाखेत पंचवीस-तीस माणसं जिच्या सहीसाठी थांबायची, ती बाई मान खाली घालून बसली होती. परतताना गाडीत ती फक्त एवढंच म्हणाली, "आता समुद्र नको गं. बास झालं."

त्यानंतर तिला मनोरीसाठी तयार करायला मला किती बोलावं लागलं ते राहू दे. भाईंदर-उत्तनचा वळसा घालून आम्ही आलो. वाटेत क्रूस, जुनी कौलारू घरं, वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. तो वास आल्यावर ती कितीतरी महिन्यांनी मोकळं हसली. पण समुद्राचं नाव तिने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

काढलंत ते तुम्ही. दुपारच्या जेवणानंतर आम्ही माडाखाली बसलो होतो. तुम्ही पाइप ठेवून आलात, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि तिलाच विचारलंत, "ताई, पाण्यात जायचंय का नुसतं बघायचंय?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जायचंय." तुम्ही "होईल की" असं नुसतं तोंडदेखलं म्हणाला नाहीत. म्हणालात, "आज नाही. आत्ता भरती आहे, नुसती वरची भुसभुशीत वाळू राहिलीय. संध्याकाळी पाणी उतरेल तेव्हा अंधार पडेल. काल पुनव झाली, म्हणजे उधाण. उद्या सकाळी पाणी लांब जाईल, खालची वाळू घट्ट मिळेल. सातला तयार राहा." मग तिच्या परवानगीने खुर्ची मागून-पुढून बघितलीत, चाकं फिरवून बघितलीत, आणि तिलाच विचारलंत, "उचलायची झाली तर कुठे धरू?" तिने दाखवलं. इतकं साधं होतं ते. मागच्या ठिकाणी हे विचारायला कुणाला अर्धं मिनिटही मिळालं नव्हतं.

सकाळी तुम्ही पुतण्याला घेऊन आलात आणि होडी वर ओढताना खाली घालायच्या फळ्या आणल्यात. कोरड्या वाळूवर एक फळी, तिच्यापुढे दुसरी, खुर्ची सरकली की मागची उचलून पुढे. आणि खुर्ची उलटी फिरवून, मोठी चाकं आधी. "पुढची बारकी चाकं वाळूत तोंड खुपसतात," तुम्ही म्हणालात. ओली वाळू लागली तशा फळ्या बाजूला ठेवल्यात आणि खुर्ची आपली चालायला लागली. ती पाठमोरी जात होती, म्हणून तिला समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. पाण्याजवळ पोचल्यावर तुम्ही हळूच खुर्ची वळवलीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, ती सांगते.

माझी मैत्रीण पाय दाखवत नाही. शाळेत लांब मोजे, पुढे कायम पायघोळ साडी, मग सलवार. इतक्या वर्षांची मैत्री, पण तिचे उघडे पाय मीही क्वचितच पाहिले असतील. पाण्यात बसायचं तर सलवार गुडघ्यापर्यंत वर घ्यायला हवी होती. ती घुटमळली. मला ते कळलं, पण काय करावं ते सुचलं नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पुतण्याला फळ्या वर न्यायला पाठवलंत. ब्रेक लावलेत, चाकामागे दगड सरकवलात, आणि तिच्या पुढे चार पावलं पाण्यात जाऊन, समुद्राकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिलात.

लाट दिसली की तिथूनच ओरडून सांगायचात, "आली ताई, बारकी आहे." "ही मोठी आहे, घट्ट धरा." "ही काय नाय, सोडून द्या." मोठी लाट आधी तुमच्या मांड्यांवर फुटायची आणि तिच्याजवळ पोचेपर्यंत नुसता फेस उरायचा. तिने सलवार वर घेतली. तिच्या पावलांवरून पाणी गेलं. ती ओरडली, मग हसली, मग मोठ्याने रडली, मग पुन्हा हसली. मला "अगं, खालची वाळू सरकतेय!" असं सांगत राहिली, जसं काही मला ते कधी कळलंच नव्हतं. या सगळ्यात तुम्ही एकदाही मागे वळला नाहीत. तिच्या रडण्यालाही नाही. फक्त "आली ताई" चालू होतं.

लाटा तर बघायलाच हव्यात, म्हणून तसे उभे असाल, असं पहिल्यांदा मला वाटलं. पण पाणी चढायला लागलं आणि निघायची वेळ झाली, तेव्हाही तुम्ही पाठमोरेच म्हणालात, "ताई, आवरलं की सांगा." तिने सलवार नीट केली, ओढणी सावरली, चेहरा पुसला, "हं, चला" म्हणाली, आणि मग तुम्ही वळलात. दादा, हे तुम्हाला कुणी शिकवलं? तिने घरी आल्यावर मला विचारलं, "त्यांना कसं समजलं गं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं अपंगत्व मोजलेलं आहे, सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत असं त्यात लिहिलेलं आहे. चेन्नईच्या मरिना बीचवर 2022 मध्ये थेट पाण्याच्या दिशेने लाकडी रस्ता केला, 263 मीटरचा, खुर्च्या जाव्यात म्हणून. काही दिवसांतच वादळाने त्याची मोडतोड झाली, तर तो पुन्हा दुरुस्त केला. मुंबईच्या एवढ्या चौपाट्यांपैकी निदान एकीवर तसा रस्ता व्हायलाच हवा. मी आणि मैत्रीण मिळून महापालिकेला अर्ज करतो आहोत. तिचं ड्राफ्टिंग उत्तम आहे. रस्ता झाला तर प्रत्येक वेळी कुणाचा पुतण्या आणि कुणाच्या फळ्या लागणार नाहीत, आणि तसंच असायला पाहिजे. पण माणसाने दुसऱ्या माणसाची लाज राखावी कशी, हे कुठल्या नियमात लिहिणार? ज्यांच्याकडे गुळगुळीत फरशी होती, गणवेश होते, "अतिथी देवो भव"ची पाटी होती, त्यांना ते जमलं नाही. तुम्ही अर्ध्या चड्डीत, गार पाण्यात उभं राहून केलंत. सभ्य माणूस सभ्य माणसाला असाच ओळखू येतो, आणि असा एक भेटला की मागचे दहा विसरायला होतात. मॅनेजरचं तोंड मला आता नीट आठवतही नाही.

आणखी दोन-तीन गोष्टींचे आभार राहिलेत. परत आल्यावर तुम्ही खुर्ची गोड्या पाण्याने धुतलीत आणि चाकांच्या दांड्यांना तेल घातलंत, कारण "खारं पाणी लोखंड खातं". ती अजून कुरकुरत नाही. मी दिलेले पैसे तुम्ही आढेवेढे न घेता खिशात टाकलेत आणि "आज होडीवर गेलो नाही, ते भरून निघालं" असं सरळ सांगितलंत. तेही आवडलं. कामाचे पैसे कामाचेच असतात, त्यात उपकार नको, असं मैत्रीण नेहमी म्हणते. आणि निघताना आम्ही पुन्हा उत्तनचा वळसा घ्यायला लागलो, तर तुम्ही म्हणालात, "फेरीत मोटरसायकली चढतात, मग ताईंची खुर्ची का नाही चढणार?" मनोरीच्या धक्क्यावर तुम्हीच येऊन फेरीवाल्यांशी बोललात. मार्वेपर्यंतचं ते पाणी काही मिनिटांचंच, पण मुंबईत जन्मलेल्या माझ्या मैत्रिणीने बोटीतून खाडी ओलांडली, गाड्यांच्या रांगेत, वारा खात, पलीकडे उतरेपर्यंत बडबड करत.

आता तिचा निरोप, तिच्याच शब्दांत. तुमची मुलगी बँकेच्या परीक्षेला बसते आहे असं तुम्ही खुर्ची धुताना बोलला होतात. पूर्वपरीक्षा निघते पण मुख्य परीक्षेत अडकते, असं म्हणालात. तर मुलीला म्हणावं, गणिताचा वेग आणि इंग्रजी, दोन्ही ती करून घेईल, फोनवरून नाहीतर दादरला घरी. तिच्या हाताखालून बरीच मुलं बँकेत लागली आहेत. फी वगैरे काही नाही, पण दिलेला अभ्यास झाला नाही तर ती ओरडते, हे आधीच सांगायला सांगितलंय. नंबर रिसॉर्टच्या ऑफिसात तुमच्यासाठी पाकिटात ठेवलाय. संध्याकाळी सातनंतर फोन करायला सांगा, दुपारी ती झोपते.

तुमच्या दोघी बहिणी,
दादर, मुंबई